एकशे एकवीस पराभव : शिकागो व्हाइट सॉक्सचा २०२४ चा हंगाम

शिकागो व्हाइट सॉक्स हा ‘मेजर लीग बेसबॉल’ या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील एक जुना संघ. २०२४ च्या हंगामात या संघाने १६२ सामन्यांपैकी ४१ जिंकले आणि १२१ गमावले. बेसबॉलचा आधुनिक काळ १९०१ पासून धरतात. तेव्हापासून कोणत्याही संघाने एका हंगामात इतके सामने गमावलेले नाहीत. याआधीचा उच्चांक १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर होता, १२० पराभवांचा. तो ६२ वर्षे टिकला.

मेट्स त्या वर्षी नव्यानेच स्थापन झालेला संघ होता. व्हाइट सॉक्सने मात्र तीनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, ९३ सामने जिंकून आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवले होते. त्या यशासाठी संघाने आधीची काही वर्षे जाणूनबुजून पराभव पत्करले होते आणि चाहत्यांकडून संयमाची मागणी केली होती. त्यामुळे २०२४ च्या हंगामाची कारणे मैदानापेक्षा संघाच्या कार्यालयात आणि त्याआधीच्या आठ वर्षांत अधिक सापडतात.

आकड्याचे वजन

इथे वाढणारी आपली मुले शाळेच्या वयातच बेसबॉलची परिभाषा आत्मसात करतात. क्रिकेटवर वाढलेल्या त्यांच्या आईवडिलांना मात्र या आकड्याचे गांभीर्य चटकन जाणवत नाही. आयपीएलच्या साखळी फेरीत एक संघ १४ सामने खेळतो. त्यांतले दहा-अकरा गमावणारा संघ दर दोन-तीन वर्षांनी दिसतोच. बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत, जवळजवळ रोज चालतो. एवढ्या सामन्यांत दैवाचे पारडे कधी इकडे, कधी तिकडे झुकते. एखाद्या दिवशी तळाचा संघ अव्वल संघाला सहज हरवतो आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

या खेळात एक जुने समीकरण सांगितले जाते. प्रत्येक संघ ५४ सामने जिंकणारच आणि ५४ हरणारच. उरलेल्या ५४ सामन्यांत तो काय करतो, यावर त्याचा हंगाम ठरतो. व्हाइट सॉक्सला पहिले ५४ विजयही गाठता आले नाहीत. त्याला तेरा विजय कमी पडले.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. विजयांच्या टक्केवारीने पाहिल्यास हा आधुनिक काळातील सर्वांत वाईट हंगाम ठरत नाही. जुन्या काळी हंगाम १५४ सामन्यांचा असे. १९१६ मध्ये फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सने ३६ विजय आणि ११७ पराभव नोंदवले, तर १९३५ मध्ये बोस्टन ब्रेव्ह्जने ३८ विजय आणि ११५ पराभव. हे दोन्ही हंगाम टक्केवारीत व्हाइट सॉक्सच्या खाली आहेत. ४० विजय आणि १२० पराभवांचा १९६२ चा मेट्सही किंचित खालीच आहे. एकूण पराभवांची संख्या मात्र शिकागोचीच सर्वाधिक.

पुनर्बांधणीचे वचन : २०१६ ते २०२१

व्हाइट सॉक्सने २००५ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजला सलग चार सामन्यांत हरवून ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली होती. १९१७ नंतरचे ते पहिलेच अजिंक्यपद. पुढच्या दशकात संघ हळूहळू मध्यम दर्जाचा झाला, आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये व्यवस्थापनाने मूलगामी निर्णय घेतला. संघाचा सर्वोत्तम गोलंदाज (बेसबॉलच्या भाषेत ‘पिचर’) क्रिस सेल याला बोस्टन रेड सॉक्सकडे देऊन त्याच्या मोबदल्यात योआन मोंकाडा, मायकेल कोपेक आणि आणखी काही तरुण खेळाडू घेण्यात आले. पुढच्या वर्षी होसे किंताना हा पिचर शहरातील प्रतिस्पर्धी कब्ज संघाला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस मिळवले. क्यूबाचा लुईस रॉबर्ट हाही त्याच वर्षी करारबद्ध झाला.

ही वाट इतरांनी आधीच मळलेली होती. ह्यूस्टनने २०११ ते २०१३ या तीन वर्षांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले आणि २०१७ मध्ये अजिंक्यपद पटकावले. शिकागो कब्जनेही २०१२ मध्ये १०१ पराभव सोसून २०१६ मध्ये तेच साधले. अनुभवी खेळाडू विकायचे, काही वर्षे हरायचे, त्यातून मिळणारे तरुण एकत्र वाढवायचे आणि योग्य वेळी महागडे खेळाडू घेऊन संघ पूर्ण करायचा, अशी ती रीत.

व्हाइट सॉक्सने तिचा पूर्वार्ध काटेकोरपणे पाळला. २०१८ मध्ये शंभर सामने गमावले. तरुण खेळाडूंना दीर्घ मुदतीचे करार दिले : हिमेनेझला सहा वर्षांचे ४ कोटी ३० लाख डॉलर, रॉबर्टला सहा वर्षांचे ५ कोटी, मोंकाडाला पाच वर्षांचे ७ कोटी. टिम अँडरसनने २०१९ मध्ये ०.३३५ सरासरीने अमेरिकन लीगमधील फलंदाजीचा मान मिळवला. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे संघ बाद फेरीत पोहोचला. संघाच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते.

उत्तरार्धात मात्र हात आखडला. २०१९ च्या आरंभी मॅनी मचाडो हा त्या काळातील एक अव्वल खेळाडू मुक्त होता. व्हाइट सॉक्सने त्याच्यासाठी प्रयत्न केले. अखेर तो दहा वर्षांच्या ३० कोटी डॉलरच्या करारावर सॅन दिएगोला गेला. व्हाइट सॉक्सचा २०२४ पर्यंतचा सर्वांत मोठा करार होता अँड्र्यू बेनिंटेंडीशी केलेला, पाच वर्षांचा ७ कोटी ५० लाख डॉलरचा. देशातील तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातील संघासाठी ही रक्कम तुटपुंजी होती.

दुसरा निर्णय मॅनेजरचा. बेसबॉलमध्ये मॅनेजर हा सामन्यातील डावपेच ठरवणारा मुख्य प्रशिक्षक असतो. २०२० मध्ये बाद फेरी गाठूनही रिक रेंटेरिया यांना दूर करण्यात आले आणि २९ ऑक्टोबर रोजी ७६ वर्षांच्या टोनी ला रूसा यांची नियुक्ती झाली. ला रूसा यांनी १९७९ ते १९८६ या काळात याच संघाची धुरा सांभाळली होती. पुढे इतरत्र मोठे यश मिळवून ते निवृत्तही झाले होते. त्या वेळी उपलब्ध असलेले ए. जे. हिंच दुसऱ्याच दिवशी डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर झाले. या योगायोगाचा संदर्भ पुढे येईल.

घसरण : २०२२ आणि २०२३

२०२१ च्या बाद फेरीत ह्यूस्टनने व्हाइट सॉक्सला ३-१ असे नमवले. तो या पिढीचा कळसाध्याय ठरला. २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव अशी बरोबरी झाली आणि ला रूसा प्रकृतीच्या कारणास्तव हंगाम संपण्याआधीच बाजूला झाले. त्यांच्या जागी पेद्रो ग्रिफोल आले. २०२३ मध्ये संघाने १०१ सामने गमावले. ज्यांच्यावर सारी भिस्त होती ते खेळाडू वारंवार जायबंदी होत राहिले, आणि त्यांची जागा घेऊ शकेल अशी दुसरी फळी संघाच्या कनिष्ठ संघांत तयार झालेली नव्हती.

ऑगस्ट २०२३ मध्ये मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी केन विल्यम्स आणि रिक हान या दोन्ही वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले. नऊच दिवसांनी सरव्यवस्थापकपदी क्रिस गेट्झ यांची निवड जाहीर झाली. गेट्झ हे २०१६ पासून याच संघाच्या खेळाडू-विकास विभागात जबाबदारीच्या पदावर होते. दुसरी फळी घडवण्याचे काम ज्या विभागाचे, त्याच विभागातून नवे नेतृत्व आले, यावर तेव्हा बरीच टीका झाली.

हंगामाचा क्रम

२०२४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, मार्चमध्ये, डिलन सीसला सॅन दिएगोकडे देण्यात आले. २८ मार्च रोजी पहिल्या सामन्यात डेट्रॉइटकडून १-० असा पराभव झाला. एप्रिलमध्येच रॉबर्ट आणि मोंकाडा जायबंदी झाले. मोंकाडा संपूर्ण हंगामात केवळ १२ सामने खेळू शकला. पहिल्या २५ सामन्यांनंतर खात्यावर तीन विजय आणि २२ पराभव होते.

त्यानंतर पराभवांच्या तीन लांब साखळ्या आल्या. पहिली २२ मे ते ६ जून, सलग १४ पराभवांची. तिच्यातील दुसऱ्याच दिवशी, बॉल्टिमोरविरुद्ध, पिछाडी भरून काढण्याच्या प्रयत्नात असलेल्या व्हाइट सॉक्सचा सामना एका वादग्रस्त निर्णयाने संपला. उंच उडालेला झेल घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या वाटेत धावपटू अँड्र्यू वॉन आला, असे ठरवून पंचांनी एकाच वेळी दोघांना बाद दिले आणि ८-६ असा पराभव पदरी पडला.

दुसरी साखळी १० जुलैला सुरू झाली आणि २१ पराभवांपर्यंत लांबली. १९८८ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्सने हंगामाच्या आरंभीच सलग २१ सामने गमावून अमेरिकन लीगमध्ये केलेल्या नीचांकाशी ही बरोबरी होती. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळाला आणि साखळी तुटली. त्यानंतर आणखी एक सामना होताच, ८ ऑगस्टला, ग्रिफोल यांना पदमुक्त करण्यात आले. तेव्हा संघाचे २८ विजय आणि ८९ पराभव झाले होते. उरलेल्या ४५ सामन्यांसाठी ग्रेडी साइझमोर हे हंगामी मॅनेजर झाले. त्यांच्या कारकिर्दीत १३ विजय मिळाले.

याच सुमारास संघ आणखी पोखरला गेला. आदल्या वर्षी दक्षिण कोरियाच्या लीगमध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरून परतलेला आणि शिकागोत उत्तम गोलंदाजी करणारा एरिक फेडी, तसेच कोपेक, टॉमी फॅम, हिमेनेझ आणि पॉल डियाँग असे पाच जण जुलैअखेरीस इतर संघांना देण्यात आले. भविष्यासाठी वर्तमान विकण्याची ही तीच रीत होती. मात्र २०१६ मध्ये विकायला क्रिस सेल होता. आता विकली जात होती त्याच सौद्यातून उभ्या राहिलेल्या इमारतीची दारे-खिडक्या.

ऑगस्टच्या उत्तरार्धात १२ पराभवांची तिसरी साखळी सुरू झाली. १ सप्टेंबर रोजी १०७वा पराभव होऊन १९७० चा संघाचा स्वतःचा नीचांक मागे पडला. समोर संघ होता न्यूयॉर्क मेट्स. २२ सप्टेंबरला सॅन दिएगोत १२०वा पराभव झाला. मग घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकून संघाने सर्वांनाच चकित केले. अखेर २७ सप्टेंबर रोजी डेट्रॉइटने ४-१ असा विजय मिळवला आणि विक्रम पूर्ण झाला. त्याच विजयाने हिंच यांच्या डेट्रॉइटने दहा वर्षांनंतर बाद फेरीत प्रवेश केला. शेवटचे दोन सामने व्हाइट सॉक्सने जिंकले.

आकडे काय सांगतात

व्हाइट सॉक्सने हंगामात ५०७ धावा काढल्या, सर्व ३० संघांत सर्वांत कमी. आणि ८१३ धावा दिल्या. म्हणजे सामन्यागणिक सुमारे ३.१ धावा काढल्या आणि ५ दिल्या. संघाची फलंदाजीची सरासरी ०.२२१ होती. २०२३ मध्ये ३८ होम रन मारणाऱ्या रॉबर्टला शंभर सामन्यांत १४ च मारता आले.

एवढा मोठा आकडा कमनशिबातून आला असेल का, याची ढोबळ तपासणी करता येते. बेसबॉलच्या आकडेशास्त्राचे प्रवर्तक बिल जेम्स यांच्या प्रसिद्ध सूत्रानुसार, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांवरून अपेक्षित विजय मोजतात. त्या हिशेबाने या संघाचे साधारण ४५ विजय व्हायला हवे होते. नशिबाच्या खात्यावर फार तर चार-पाच सामने टाकता येतात. उरलेले सारे पराभव संघाच्या कुवतीचेच होते.

पैशांच्या चणचणीचे कारणही पुरेसे नाही. त्या वर्षी खेळाडूंवर सर्वांत कमी खर्च करणारा संघ ओकलंडचा होता. शहर सोडण्याच्या तयारीत असलेल्या त्या संघानेही ६९ सामने जिंकले.

या पडझडीत गॅरेट क्रोशे हा पिचर तेवढा उभा राहिला. त्याने १४६ डावांत २०९ फलंदाजांना ‘स्ट्राइक आउट’ केले आणि तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. त्याच्या खात्यावर मात्र सहा विजय आणि १२ पराभव लिहिले गेले, कारण त्याच्यासाठी धावा काढणारे कोणी नव्हते.

इतिहासातील शेजारी

मोठ्या पराभवांचे हंगाम एकसारखे नसतात. १८९९ मध्ये क्लीव्हलँड स्पायडर्सने १५४ पैकी १३४ सामने गमावले. त्या संघाच्या मालकांनी सेंट लुईसचा संघही घेतला होता आणि साय यंगसह आपले उत्तम खेळाडू तिकडे हलवले होते. ती मालकांनी केलेली उघड प्रतारणा होती, आणि तो संघ त्या हंगामानंतर बंद पडला. १९६२ चा मेट्स हा इतर संघांनी सोडलेल्या खेळाडूंतून उभा केलेला पहिल्या वर्षाचा संघ. केसी स्टेंगल या विनोदी, वयोवृद्ध मॅनेजरच्या हाताखाली तो हरत राहिला आणि न्यूयॉर्ककरांनी त्याच्यावर प्रेम केले. सातच वर्षांनी, १९६९ मध्ये, तो अजिंक्य ठरला. २००३ मध्ये डेट्रॉइटने ११९ सामने गमावले. शेवटच्या सहांपैकी पाच जिंकून त्याने मेट्सशी होणारी बरोबरी टाळली आणि २००६ मध्ये तो वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला.

व्हाइट सॉक्सचे प्रकरण या तिन्हींपेक्षा वेगळे आहे. हा संघ नवखा नव्हता आणि कोणी तो लुटूनही नेला नव्हता. आराखडा होता, त्याला यशाची फळेही लागली होती. मात्र फळे लागल्यावर झाडाला पाणी घालण्याचे थांबले.

पराभवाचे बक्षीस

युरोपातील फुटबॉलमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलले जाते. अमेरिकेत तसे नाही. उलट तळाच्या संघांना ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आधी संधी मिळते. दुर्बळांना हात देण्यासाठी केलेल्या या सोयीतूनच मुद्दाम हरण्याचा मोह निर्माण झाला. म्हणून २०२२ च्या कामगार करारात पहिल्या सहा निवडींसाठी सोडत आणण्यात आली आणि मोठ्या बाजारपेठेतील, महसुलाच्या वाटणीत इतरांना पैसे देणाऱ्या संघाला सलग दोन वर्षे सोडतीत भाग घेण्यास मनाई झाली.

व्हाइट सॉक्सला २०२४ मध्ये पाचवी निवड मिळाली होती. परिणामी आधुनिक काळातील सर्वाधिक पराभव नोंदवूनही २०२५ मध्ये त्याला दहावी निवड घ्यावी लागली. हरण्याच्या मोहाला लगाम घालणारा नियम सर्वांत कठोरपणे लागू झाला तो याच संघाला.

प्रेक्षक

शिकागोत बेसबॉलची निष्ठा भूगोलाने आणि घराण्याने ठरते. उत्तरेकडे कब्ज, दक्षिणेकडे व्हाइट सॉक्स. दक्षिण शिकागोतील कष्टकरी वस्त्यांत हा संघ पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने मिळतो. पोप चौदावे लिओ हे अशाच घरातले. २००५ च्या वर्ल्ड सिरीजमधील पहिल्या सामन्याला ते प्रेक्षकांत बसलेले होते.

२०२४ मध्ये घरच्या मैदानावर सुमारे १३ लाख ८० हजार तिकिटांची नोंद झाली. सप्टेंबरअखेरच्या एंजल्सविरुद्धच्या मालिकेत बरेच जण केवळ विक्रमी पराभव पाहायला आले होते. त्यांनी ‘संघ विका’ अशा घोषणा दिल्या, त्या राइन्सडॉर्फ यांना उद्देशून. राइन्सडॉर्फ यांच्या गटाने १९८१ मध्ये हा संघ घेतला. शिकागो बुल्स हा बास्केटबॉलचा संघही त्यांच्याच ताब्यात आहे. चाहत्यांचा रोष एका हंगामापुरता नव्हता. २०१७ ते २०१९ या काळात त्यांनी पराभव सहन केले होते, कारण त्यांना पुढच्या दशकाचे आश्वासन दिले गेले होते. ते दशक दोन वर्षांत संपले.

पुढे

डिसेंबर २०२४ मध्ये क्रोशेला बोस्टनकडे देण्यात आले आणि काइल टील, चेस माइड्रोथ, ब्रेडन माँटगोमेरी व विकेलमन गोन्झालेझ हे चार तरुण शिकागोत आले. बोस्टनने काही महिन्यांतच क्रोशेशी सहा वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या सर्वांत मोठ्या कराराच्या दुपटीहून अधिक. विल व्हेनेबल यांच्या हाती संघ सोपवण्यात आला आणि २०२५ मध्ये ६० विजय व १०२ पराभव झाले. १९ विजयांची वाढ झाली, तरी लागोपाठ तिसऱ्या वर्षी पराभवांची शंभरी ओलांडली गेली. जून २०२५ मध्ये उद्योजक जस्टिन इश्बिया यांच्याशी झालेला करार जाहीर झाला. त्यामुळे काही वर्षांनी मालकी हस्तांतरित होण्याचा मार्ग खुला झाला आहे.

क्रिस सेलच्या बदल्यात २०१६ मध्ये जी आशा विकत घेतली, तीच आता क्रोशेच्या बदल्यात पुन्हा विकत घेतली आहे. समोर संघही तोच, बोस्टन. तरुण खेळाडू निवडण्यात हा संघ पूर्वीही फारसा चुकला नव्हता. ते तयार झाल्यावर त्यांच्याभोवती संघ पूर्ण करण्याची वेळ येईल तेव्हा व्हाइट सॉक्सची खरी परीक्षा होईल, आणि ती बहुधा नव्या मालकाला द्यावी लागेल.